कांबळे मॅडमचे कमी गुण

कांबळे मॅडमबद्दल कुणी विचारलं की मी विषय बदलायचो. फारच खोदून विचारलं तर म्हणायचो, "त्या स्वतःहून गेल्या." हे खरं नाही. त्यांना मी काढलं.

चाकणच्या एका कारखान्यातून क्वालिटीचा प्रमुख म्हणून निवृत्त झाल्यावर मी चिंचवडच्या एका समुपदेशन केंद्राचा कारभार बघत होतो. तिथे दोन समुपदेशक होत्या. प्रत्येक बैठकीनंतर पेशंटने दहापैकी गुण द्यायचे, ही पद्धत मीच आणलेली. दुसऱ्या मॅडमना नऊ, दहा मिळत. कांबळे मॅडमना चार, पाच, कधी तीन. आणि बाई ते मागून घ्यायच्या! पेशंट दहा लिहू लागला की म्हणायच्या, "भाऊ, मला खूश नका करू. आज माझं कुठं चुकलं, तेवढं सांगा." बाहेर पुढचा माणूस ताटकळलेला. मला वीट आला होता.

"मॅडम, तुम्ही स्वतःच स्वतःला नापास करून घेता," मी एकदा चिडून म्हणालो.

"सर, शिव्या देणारा पेशंट परत येतो. गोड बोलून जातो ना, त्याची मला धास्ती वाटते."

"देणगीदारांना आकडे दाखवावे लागतात."

"मग कोण परत आलं, कोण नाही, तेही दाखवा की."

असं प्रत्येक वेळी. त्यांचे वडील पिंपरीतल्या कंपनीत युनियनचे पुढारी; रक्तातच आहे, असं मी मनाशी म्हणायचो. वर्षअखेर दोघींची सरासरी काढली आणि त्यांना दुसरीकडे बघायला सांगितलं. भांडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "माझे पेशंट कुणाकडे देताय?"

ते मी ठरवलंच नव्हतं.

पुढे त्यांचा एक जुना पेशंट आला, लातूरकडचा कामगार. कारखान्यात प्रेस मशीनमध्ये साथीदाराचा हात गेलेला त्याने पाहिला होता. तेव्हापासून त्याला मशीनपाशी उभं राहवत नव्हतं.

"मॅडम कुठं हैत?"

"गेल्या सोडून. तुम्हीच तर त्यांना तीन गुण दिले होते."

"दिलते की! म्या जरा गप बसलो की लगेच पुढचा सवाल. तोंडावर सांगितलं. पुढच्या खेपेला बाई नुसत्या गप बसल्या बघा. तवा कुठं मला बोलता आलं. आता ड्यूटीवर जातोय." मग माझ्याकडे रोखून बघत, "तेवढ्यावरून काढलं का काय?"

"नाही," मी म्हणालो.

ज्या लाइनवर एकही नग रिजेक्ट दाखवत नाहीत तिथं आधी जाऊन बघा, असं मी कारखान्यातल्या पोरांना जन्मभर सांगितलं. नऊ-दहा देणारे पेशंट पुन्हा आले का, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. बरेचसे पहिल्या-दुसऱ्या बैठकीनंतर फिरकलेच नव्हते. तरी मॅडमना परत बोलवायची हिंमत झाली नाही. बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

परवा संत तुकाराम नगरच्या भाजीबाजारात त्या अचानक समोर आल्या. पिंपळे गुरवला स्वतःचं समुपदेशनाचं काम करतात म्हणे.

"सर, तब्येत काय म्हणते?"

"मॅडम, मला जरा..."

"बोला ना."

"इथली मेथी चांगली असते," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या शब्दावर एक जुडी घेतली आणि गेल्या.