लाळ आटल्यावर
कैरी चिरली की तोंडाला पाणी सुटतं आणि मला वडील आठवतात. घशाच्या कॅन्सरवर रेडिएशनचे शेक घेतल्यावर त्यांची लाळ आटली आणि वर्षभरात मळ्यात भाकरी खाताना दात तुटून हातात येऊ लागले. नाशिक रोडचे दंतवैद्य म्हणाले, "लाळच दातांची झीज भरून काढते. शेकाआधी दात दाखवायचे असतात. सांगितलं नाही कोणी?" नव्हतंच सांगितलं. वडिलांना घेऊन मी तडक शेक देणाऱ्या डॉक्टरांना गाठलं आणि जाब विचारला. मान वर न करता ते म्हणाले, "जीव वाचला ना? मग दात काय घेऊन बसलात?" मी ओरडणार, तोच वडिलांनी त्यांना हात जोडले. "चल पोरी, लय उपकार हायेत त्यांचे." डॉक्टरांचा चेहरा आता आठवत नाही, पण त्या जोडलेल्या हातांचा राग अजून जात नाही.