फुग्याचा चिमटा

माझा उजवा खांदा माझा नाही, कंपनीचा आहे. तो बसवला तेव्हा मी तरुण होते. (म्हणजे सत्तरी नुकतीच लागली होती, अक्कल यायला अजून अवकाश होता.)

ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी माझ्या मानेपाशी, नसेजवळ, एक बारीक नळी ठेवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला औषधानं भरलेला, पाचोडच्या मोसंबीएवढा फुगा! तो हळूहळू आकसायचा, औषध थेंब थेंब नसेपाशी जायचं आणि हात ढिम्म बधिर.

"आजी, दोन-तीन दिवस हे असंच चालू राहील. हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले.

मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. त्याचं सगळं श्रेय मी घेतलं! शेजारच्या रेहानाआपा बघायला आल्या, तर मी पलंगावर पाटलिणीसारखी.

"दुखत नाय का वहिनी?"

"छे! आमच्या माहेरी दुखायची पद्धतच नाय."

"या अल्लाह! शेरनी निकले तुम तो!"

कोपऱ्यात आमचे हे बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनला ह्यांनी अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. मी मुद्दाम म्हणाले, "काही माणसं नुसती सुई बघून 'आई गं' करतात." ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला.

आपा गेल्या आणि माझी नजर नळी बंद करायच्या चिमट्यावर गेली. आमच्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं. काही ठिबकताना दिसलं की हात आपोआप तोटीकडं जातो. इथं तर दुखत नसताना औषध चाललंय वाया! व्यायामाच्या वेळी लागंल, तेव्हा सोडू. सून चहा आणायला गेली तशी डाव्या हातानं मी चिमटा कच्चकन दाबला. घरातली सगळी भांडी भरून ठेवल्यासारखं समाधान वाटलं!

दुपारी बोटांना मुंग्या आल्या. मग खांद्यात कुणीतरी सुतारकाम काढलं. आणि नेमक्या तेव्हाच गुलमंडीवरून नणंदबाई हजर, आपांकडून माझी कीर्ती ऐकून!

"वहिनी, खरंच दुखत नाय?"

"न्... नाय."

"मग डोळ्यात पाणी?"

"तुम्ही आलात ना, म्हणून."

नणंद पांढरीफटक पडली. (एवढ्या वर्षांच्या संसारात असं वाक्य तिनं माझ्याकडून ऐकलं नव्हतं.) "अगं, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टरला बोलाव!" ती सुनेवर ओरडली. तेवढ्यात मी असा "आई गं!" ठोकला, की ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला.

"माहेरची पद्धत बदलली वाटतं," हे म्हणाले.

डॉक्टर धावत आले. "चिमटा कुणी बंद केला?"

"आपोआप झाला असंल."

"आजी..."

"जरासं राखून ठेवलं हो, नंतरसाठी!"

"अहो, दुखत नव्हतं ते ह्या औषधामुळंच!"

चिमटा उघडला, वरून आणखी औषध दिलं, तेव्हा कुठं शेरनीचं मांजर होऊन पडलं.

ऑपरेशन झालं उजव्या हाताचं, पण फुगा संपेपर्यंत सून पहारा देत बसली ती माझ्या डाव्या हातावर!