आत्याबाईंच्या डोक्यातला लांडगा

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दीडशे मेंढ्या तोंडपाठ होत्या. कुणाचा कान चिरलाय, कोण कुणाची चुलत मावशी, सगळं. संध्याकाळी कळप परतला की जाळीच्या कुंपणात ठेवलेली कोकरं एकेक उचलून त्या बराबर आपापल्या आईखाली सोडायच्या. डोळे मिटून सोडतात, असं मी गावभर सांगायचे. एक डोळा उघडा असायचा, ते सांगायचे नाही.

नव्वदचं दशक संपता संपता लांडग्यानं दोन मेंढ्या नेल्या. माझ्या सांगण्यात तो म्हशीएवढा आहे. पण आत्याबाईंनी त्याला नुसत्या काठीनं हाकललं, हे देवाशप्पथ खरं. लांडगा काही परत आला नाही, मात्र जाताना त्यांची झोप घेऊन गेला. पाचोळा हलला तरी ताडकन उठायच्या.

त्यांना धीर यावा म्हणून मी शहाणीनं जवळा बाजार गावातून घुंगरं आणून एकूण एक मेंढीच्या गळ्यात बांधली. लांडगा आला तर वाजतील! मेंढीनं मान खाजवली तरी वाजायची, आणि दर छुमछुमीला आत्याबाई काठी घेऊन उभ्या.

असे तीन-चार महिने गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी कोकरू भलत्याच मेंढीखाली सोडलं. मेंढीनं त्याला ढुशी दिली. दुसऱ्या दिवशी तीन चुकली. त्यांनी हातातलं कोकरू माझ्याकडं दिलं.

"पोरी, टकुरं गेलं माझं. उद्यापासून कोकरं तू सोड."

मी त्यांना हिंगोलीच्या डॉक्टरांकडं नेलं.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "लांडगा दिसला की अंगात एक रस सुटतो, कॉर्टिसॉल. त्यानं लढायला बळ येतं. धोका टळला की तो ओसरायला पाहिजे. तुमचा महिनोन् महिने सुटूनच राहिला. मेंदूत आठवणी सांभाळायची जागा असते, तिला त्याची तकलीफ होते."

"पन लांडग्याला मी हाकललं की!"

"बाहेरच्याला."

"मंग आतल्याला कोन हाकलावं?"

"झोप हाकलेल. हळूहळू. झोप काहून येत नाही?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "सूनबाईची माया लई वाजती."

घुंगरं त्याच दिवशी काढली. पहारा मी घेतला. आत्याबाई अशा झोपल्या, की शेजारीण नाकापुढं सूत धरून पाहून गेली.

दोनेक महिन्यांनी मी कोकरं सोडत होते, आत्याबाई बाजूला बसलेल्या.

"ते तिचं न्हाई."

"तिचंच हाय, आत्या."

"काहून लेकराचे हाल करती? त्याची माय ती, मागं उभी हाय. सरक!"

त्यांनी कोकरू माझ्या हातातून ओढलं आणि सोडलं. ते शेपूट हलवत पिऊ लागलं. मग एकामागून एक. मधे दोन चुकली; त्यांनी हसून ती बदलली. शेवटचं हातात धरून थांबल्या.

"हे कोनाचं गं?"

मलाही ठाऊक नव्हतं. दोघींनी ते मधोमध ठेवलं. ते वास घेत आपलं आपण आईकडं गेलं.