हातचं पाणी

रिबेकाबाई साळवे नाशिकच्या एका मिशन दवाखान्यात वीस वर्षं आया होत्या. जीभ तिखट, आणि ती त्यांनी कुणासाठी गोड केली नाही. वडिलांनी सिन्नरकडच्या गावात बाप्तिस्मा घेतला, देव बदलला, नावं बदलली; गावानं मात्र पुढंही त्यांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं.

शहात्तर साली मुलीच्या कॉलेजच्या सवलतीसाठी बाई जातीचा दाखला मागायला कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनाला सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यानं अर्जावरचा 'ख्रिस्ती' शब्द पाहिला आणि अर्ज बाजूला सारला.

"तुमच्यात जात नसते, बाई. जातच नाही तर सवलत कसली?"

"हे आमच्या गावाला सांगा की."

"गावाचं मला सांगू नका. कायदा आहे."

उन्हातून चालत आलेल्या बाईंनी प्यायला पाणी मागितलं. भाऊसाहेबांनी अर्जावरचं गाव वाचलं, आडनाव वाचलं, आणि शिपायाला खूण केली. शिपाई तांब्या घेऊन आला आणि हातभर लांब उभा राहून म्हणाला, "ओंजळ धरा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्याच्या हातून तांब्या हिसकावला, टेबलावरचा भाऊसाहेबांचा पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढं आदळला.

"जात नसते ना आमच्यात? मग प्या माझ्या हातचं."

भाऊसाहेब पेल्याकडं बघत राहिले. हात काही पुढं आला नाही.

"नाही ना पीत?" बाईंनी अर्ज पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला. "मग लिहा इथं जात."