चिंचेच्या पाण्यातली लांडगी

चिंचेच्या कोळाचा आंबूस दरवळ स्वयंपाकघरात भरला, की माझे हात आपोआप तांब्यापितळेकडे वळतात. ग्लासगोत आयुष्य सरत आलं तरी काळवंडलेली समई मला घरात खपत नाही. पण त्या सकाळी, तुम्हाला म्हणून सांगते, वाटीत बुडवलं होतं ते रोमन सम्राटांच्या काळातलं, नखाएवढं, शेवाळी रंगाचं ब्राँझचं नाणं!

नाणी आमच्या ह्यांची, निवृत्तीनंतरचा छंद. हे जन्मभर लहान मुलांचे डॉक्टर; म्हणून की काय, मुकुटधारी सम्राट, बंदिवानांना तुडवणारे घोडेस्वार, फळाफुलांनी ओसंडणारं शिंग कवटाळून उभ्या असलेल्या देवता, ह्या साऱ्या वैभवातून त्यांचा जीव जडला तो एका लांडगीवर. दंतकथेतली, पुढे रोम वसवणाऱ्या माणसाच्या दोन तान्ह्यांना पाजणारी, मान वळवून त्यांना न्याहाळणारी. एवढ्या बलाढ्य साम्राज्याने आपल्या नाण्यावर एका आईला जागा द्यावी, ह्याचं मला कोण अप्रूप! ह्याच बाळांवरून अंगठा फिरवत ब्रिटनच्या ह्याच बेटावर कुणी पाव विकत घेतला असेल का?

"अगं, लुक ॲट हर नेक," हे म्हणायचे, "वॉर्डमधल्या सगळ्या आया अश्शाच बघायच्या."

गेल्या वर्षापासून त्यांची दृष्टी मंदावत गेली. भिंगं बदलली, दिवे वाढवले. मग एक दिवस नाणं टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आता ती दिसत नाही गं मला." इतक्या साध्या स्वरात, की मला ते सोसवेना. हिरवा थर निघाला की नाणं उजळेल, उजळलं की त्यांना दिसेल, असा माझा सरळ हिशेब. जन्मभर समया घासलेल्या बाईला एवढं जमू नये?

लखलखलं मात्र! पण तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं, तर लांडगी कुठेच नाही. मातीने शतकानुशतकं चढवलेल्या त्या थरातच लांडगी होती. थर गेला तशी तीही गेली, बाळंही गेली, आणि उरली एक गुळगुळीत तांबूस चकती. माझ्या उतावळेपणाला काय म्हणावं! मायेपोटी केलं म्हणून नुकसान थोडंच कमी होतं?

चकती त्यांच्या हाती दिली आणि कबुली द्यायला तोंड उघडलं. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. अंगठा एकदा फिरवला, मग पुन्हा एकदा, सावकाश. माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असावा.

"किती ब्राइट केलंस गं," ते म्हणाले. "दिसतेय. मान वळवलेलीसुद्धा दिसतेय."

मी त्यांच्या खांद्याशी वाकले, त्या कोऱ्या धातूकडे पाहिलं आणि म्हटलं, "हो, अहो. किती स्पष्ट!"