लिंबू फक्त सरबताला

आमच्या घरात लिंबू यायचं ते सरबताला, नाहीतर मटणावर पिळायला. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हारा पंचगंगेत सोडला, तेव्हापासून दाराला लिंबू-मिरची नाही, की तिठ्यावरचा उतारा ओलांडायची भीती नाही. वडील, म्हणजे आमचे आण्णा, शाळामास्तर होते आणि या बाबतीत फार कडक. अशा घरात माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, करणी आणि भानामतीवर कादंबरी लिहिली. 'दिव्याखाली अंधार', असं आण्णाच म्हणाले.

तेव्हा नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आक्का एका कचेरीत टायपिस्ट होती. रविवारी मटण शिजत असायचं आणि ही स्वयंपाकघरात कागद पसरून बसायची. तिच्या कादंबरीतला काळी विद्या करणारा माणूस स्मशानात राहत नव्हता. तो स्टँडजवळ एसटीडी बूथ चालवायचा आणि तारेतून मूठ मारायचा. पलीकडच्यानं फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की लागलीच मूठ. त्याच्याशी लढायची एक निवृत्त नर्स. ती लुनावरून रंकाळ्याला फेऱ्या मारायची आणि तिच्या पिशवीत इंजेक्शनच्या शेजारी अंगारा असायचा. तिचा नियम एकच: काळी विद्या दाराआड करतात, पांढरी चारचौघांत करायची.

मी तिची पहिली वाचक. आजही सांगते, असलं झक्कास मी पुन्हा वाचलं नाही. नंतर आठवडाभर फोन आला की मी उचलून गप्प उभी राहायचे, आणि पलीकडून आत्या शिव्या घालायची.

गावातल्याच एका लहान छापखान्यानं पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर कवटी आणि रक्त गळणारं लिंबू. आण्णांनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि न वाचताच कपाटावर टाकलं.

"आपण ज्यातनं बाहेर पडलो, तेच तू छापून घरात आणलंस," ते म्हणाले.

"आण्णा, गोष्ट हाय ती."

"गोष्टीपासनंच सगळं सुरू हुतं."

पुस्तकाचा विषय घरात बंद झाला. वाचनालयांतून मात्र ते हातोहात फिरत होतं.

आणि मग एका रविवारी दुपारी कळंब्याच्या पलीकडच्या खेड्यातून एक बाई दारात येऊन उभी राहिली. इरकली लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. मागं तिची सून, पंचविशीच्या आतली, हातात कपड्यांची पिशवी. मी चहा पुढं केला. बाईनं भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघितला, कपाकडं बघितलं, आणि चहा पिऊन टाकला. नड मोठी होती.

"पुस्तक लिवणाऱ्या बाई तुम्हीच न्हवं?" तिनं आक्काला विचारलं. "लई लांबनं आलोय. म्हैस आटली. ल्योक गाडीवरनं पडला. दोन वर्सं झाली, पाळणा हलंना. देवरुषी म्हणतोय, घरातल्याच बाईची करणी हाय. ही चंदगडकडची. तिकडं रानात कायबाय शिकत्यात म्हणं. तुम्ही एकदा बघून सांगा. हिनंच केलं असंल तर हितनंच माहेरच्या यष्टीत बशिवतो हिला."

पिशवी कशासाठी आणली होती ते आत्ता कळलं. सून फरशीकडं बघत उभी होती. मला त्या म्हातारीचा असा संताप आला की हातातला ट्रे आपटावासा वाटला.

"मावशी, मी देवरुषी न्हाय," आक्का म्हणाली. "ते सगळं मी मनानं रचलंय."

"असं मनानं सुचतं व्हय कुणाला? आतलं ठावं असल्याबिगर?"

एवढी मोठी दाद आक्काला कुणी दिली नव्हती, आणि ती नेमकी अशा वेळी मिळाली. आक्काची पंचाईत मला दिसत होती. 'सगळं खोटं हाय' म्हणून हात झटकले तर बाई देवरुष्याकडं परत जाणार आणि पोरगी माहेरच्या यष्टीत बसणार. 'मला कळतं' म्हटलं तर कोपऱ्यात पेपर तोंडापुढं धरून बसलेल्या आण्णांना आयुष्यभर तोंड दाखवता येणार नाही.

"पुस्तक कुणी वाचून दाखवलं तुम्हाला?" आक्कानं विचारलं.

"धाकट्या लेकीनं. वाचनालयातनं आणलं हुतं."

"शेवटपर्यंत?"

"कुठलं! शेवटची पानं फाटलेली की."

"मग आधी शेवट ऐका," आक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

छापील शेवट मला पाठ होता. त्यात बूथवाल्याला एक फोन येतो, तो उचलून 'हॅलो' म्हणतो आणि पलीकडं त्याचाच आवाज असतो. आक्का भलतंच सांगू लागली.

"शेवटी त्या नर्सला करणीची खूण सापडती. जो दुसऱ्याकडं बोट दाखवतो, करणी त्याच्या तोंडातनं भाईर पडलेली असती. आणि जिचं नाव घेत्यात ना, तिनं करणी केलेली नसती. तिच्यावर झालेली असती."

बाई पुढं सरकली. "म्हंजी, हिच्यावर?"

"दिसंना व्हय तुम्हाला? हाडं वर आल्यात पोरीची."

बाईनं मान वळवून सुनेकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"मग उतारा काय?"

"रोज पहिलं ताट हिचं. तुम्ही वाढायचं, दार उघडं ठेवून, शेजारणींच्या देखत. म्हशीला जनावरांचा डॉक्टर बोलवायचा. आणि त्या देवरुष्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाय."

बाईला पटलेलं दिसत होतं, पण ती उठेना. "लिंबू तरी द्या की मंतरून," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

बाकी सगळं आक्कानं गोष्टीतून दिलं होतं. हे देणं तिच्या हातात नव्हतं.

कोपऱ्यातला पेपर खाली आला. आण्णा उठले आणि आत गेले. मला वाटलं, हे बघवत नाही म्हणून गेले. आतून सुरीचा आवाज आला, मग पेल्यात चमचा फिरल्याचा. आण्णा पेला घेऊन बाहेर आले आणि तो त्यांनी सुनेला न देता सासूच्या हातात दिला.

"आमच्या घरात लिंबू असंच देत्यात," ते म्हणाले. "तुमच्या हातानं पाजा तिला. आम्हा सगळ्यांच्या देखत."

बाईनं पेला सुनेच्या ओठाला लावला. पोरीनं तो एका दमात संपवला आणि मग ती रडायला लागली. जाताना कपड्यांची पिशवी सासूच्या हातात होती.

संध्याकाळी आण्णांनी कपाटावरचं पुस्तक खाली काढलं.

दिवाळीच्या सुमाराला ती सून आली, एकटीच. अंगानं भरली होती. "आत्तींनी शेंगा धाडल्यात," सासूबद्दल म्हणाली. मी म्हशीची चौकशी केली.

"आटलेलीच हाय की अजून," ती हसली. "पर आता माझ्या नावावर न्हाय."

मग तिनं पुस्तक मागितलं. शेवट वाचायचा होता. दहावीपर्यंत शिकलेली होती. आक्कानं माझ्याकडं बघितलं, आता आली का पंचाईत. आण्णांनी स्वतः पुस्तक आणून दिलं. ती पायरीवर बसली आणि ओळीखाली बोट ठेवून तिनं शेवटचं प्रकरण सावकाश वाचून काढलं.

"आक्का," ती म्हणाली, "ह्यात मी न्हायच की."

आक्कानं आण्णांकडं बघितलं.

आण्णा शेंगा सोलत बसले होते. "तू छापून झाल्यावर आलीस, बाळ," ते म्हणाले. मग हात झटकून उठले, पुस्तकाचं वर्तमानपत्री कव्हर काढून टाकलं आणि ते कवटी-लिंबासकट तिच्या पिशवीत घातलं.