बाईंची अमेरिका

"समोरचं नको पाहू पोरी, मांगचं पाह्य," म्हणत बाई माझी हनुवटी धरून मान थोडीशी वळवत.

पडद्यावर नायक दरीच्या काठाला लोंबकळत असे. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या चालू असत. बाईंना त्याचं काही नसे. "तो पुढच्या शनिवारी वर येतेच. ते टेबल पाह्य. सासू-सून संगंच जेवून राह्यल्या!"

धानाची कापणी झाली की सिंदेवाहीला फिरता सिनेमा तंबू ठोकून राही. त्या वर्षी त्यात एक अमेरिकन कथा आली होती, दर शनिवारी एक भाग. माळावरचं एक घर, तिथली म्हातारी, तिची तरुण विधवा सून आणि गुरं पळवणारे दरोडेखोर. बाई तंबूच्या दाराशी मुरमुरे विकत आणि खेळ सुरू झाला की टोपलीसकट माझ्याशेजारी येऊन बसत. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच वडिलांच्या नोकरीच्या गावी आले होते. माझी मराठी अडखळे, म्हणून मी गप्पच राही. पण बायकांच्या बाजूला पडद्यावरचं इंग्रजी मला एकटीलाच कळत होतं.

"मोठ्यानं सांग ना! ते गोरे का ऐकून राह्यले?" बाई म्हणत. मग मागच्या बायकाही पुढे सरकत आणि मला घाम फुटे.

तुम्ही तिथे असता, तर पडद्याऐवजी बाईंकडेच पाहत राहिला असता.

"जोडे घालून चुलीपाशी! अन सासू काही बोलत नाई. काऊन?"

"तिकडे चालतं, बाई."

"असं कसं चालते? कोनी तरी पयल्यांदा घातले असतीन ना."

बाईंच्या घरीही सून होती. मुलगा तापाने गेल्यापासून दोघीच राहत. पोंभुर्ण्याकडच्या एका शेतकऱ्याने सुनेला मागणी घातली होती, तिलाही तो पसंत होता. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागे, पण अंधार पडल्यावर, मागच्या दाराने. सवाष्णींनी तिचं तोंड पाहायचं नाही, जुन्या सासूने घराबाहेर यायचं नाही. "चोरावानी नाई जात मी," सुनेने सांगून टाकलं होतं. "तुमच्यापाशीच राह्यते." तिचा जन्म मुरमुऱ्यांच्या भट्टीपुढे सरावा, हे बाईंना नको होतं.

शेवटच्या भागात पडद्यावरच्या सुनेचं लग्न लागलं. बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सासू कुठी आहे?"

"पुढच्या बाकावर."

"रडून राह्यली का?"

"थोडीशी. हसतेय पण."

"अन हे दिवसा आहे का रातचं?"

पडदा मळका, चित्र धूसर. मी नवरा-नवरीला सोडून त्यांच्या मागे पाहिलं. दाराबाहेर बांधलेल्या घोड्याची सावली त्याच्या पायांतच होती.

"भर दुपार आहे," मी मोठ्याने म्हणाले.

पुढच्याच महिन्यात बाईंनी सुनेचा पाट दुपारी, अंगणात लावला. बाईंच्या दिराने येऊन "वहिनीले सिनेमा लागला" असं सुनावलं आणि तो निघून गेला. गल्लीतली दारं बंद झाली, पण फटी उघड्या होत्या. बाई सर्वांत पुढे बसल्या आणि त्या फटींकडे वळून ओरडल्या, "फटीतून काऊन पाह्यता? इथी जागा आहे!"

कुणी हसलं. मग एक दार उघडलं, आणि कपाळभर कुंकू लावलेली एक बाई बाहेर येऊन अक्षता घेऊन उभी राहिली. सुनेने मान वर केली.

सुनेची बैलगाडी वळणाआड गेली, चाकांचा आवाज थांबला, तरी बाई उभ्याच होत्या. मग ओट्यावर बसल्या.

"पोरी, लगन झाल्यावर ते सासू घरी जाऊन काय करते?"

मी आठवून पाहिलं. "ते नाही दाखवलं, बाई. कथा तिथेच संपली."

बाई रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिल्या.

"असं काऊन?" त्या हळूच म्हणाल्या. "तेच तं पाह्याचं होतं."